खालची उजवी दाढ

सावरखेडी, ता. नरखेड
३ एप्रिल

चि. भूमिका,

मंगळवारी तुझ्या दवाखान्यातून न सांगता निघून आलो. तू आतल्या खोलीत हातमोजे बदलत होतीस. मी बाकावरची पिशवी उचलली आणि जिना उतरलो. काटोलपर्यंत बसमध्ये उभा होतो. गाल ठणकत होता, तरी सुटल्यासारखं वाटत होतं. तुझ्या आईला सांग, भाऊ पळाला नाही, विचार करायला गेला. गोपिका हसेल.

फोन करू नकोस. फोनवर मला आवाज फुटून ऐकू येतात, आणि दीपमाला मध्ये उभी राहून अर्धं बोलणं आपल्या मनाने सांगते. सून चांगली आहे, पण तिला प्रत्येक गोष्ट लवकर संपवायची असते. तू होस्टेलला होतीस तेव्हा आपण लिहायचो. तसंच लिहू.

तू म्हणालीस, मामा, दोन रस्ते आहेत. दाढ काढून टाकायची, एका बैठकीचं काम. नाही तर वाचवायची, चार खेपा. आत पू झाला आहे, फार दिवस थांबता येणार नाही. तुला वाटलं असेल मामा सुईला घाबरला. तसं नाही.

मी लोकांच्या शेतात पाणी दाखवतो हे तुला माहीत आहे. कसं दाखवतो ते तू कधी विचारलं नाहीस. दुसरे पाणाडे तळहातावर नारळ घेतात, कोणी कडुलिंबाची बेचकी धरतात. माझे हात रिकामे असतात. मला त्या दाढेत कळतं.

एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या विहिरीतला गाळ काढायला उतरलो होतो. तळाशी झऱ्याला तोंड लावून प्यालो. पाणी पोटात गेलं, पण गारवा त्या दाढेत थांबला. दिवसभर थांबला, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तो गेला. मग एकदा पाटलांच्या कोरड्या वावरातून भर दुपारी येत होतो, तर तोच गारवा परत आला, खालून. ओला दोरा कोणी हिरडीतून हळूहळू ओढावा तसा. मी उभा राहिलो. तिथे खणलं. पाणी लागलं.

तेव्हापासून. हे मी तुझ्या मामीलाही सांगितलं नव्हतं. ती जाऊन चौदा वर्षं झाली, आता तिला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला सांगतो.

काढली तर ती गेलीच. पण वाचवली तर तिच्यात जीव राहील का? एवढं लिही. मग मी ठरवतो.

गोळ्या घेतो आहे. सूज उतरते आहे.

तुझा
मामा


मानेवाडा, नागपूर
७ एप्रिल

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आईला दाखवलं नाही. तुम्ही विचार करायला गेलात एवढं सांगितलं. ती म्हणाली, “विचार करायले नरखेडले जा लागते का? नागपुरात होत नाही?”

तुमचं वय एकाहत्तर आहे. शुगर दोनशे चाळीस निघाली. एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळांशी हरभऱ्याएवढा काळा डाग दिसतो. तिथलं हाड पुवाने खाल्लं आहे. मंगळवारी तुम्ही बाकावर बसून राहिला असता तर मी काढा म्हटलं असतं. लांबून येणारा माणूस, वाढलेली शुगर, चार खेपा कशाला. आता तुम्ही हे लिहिलंत, तर मी म्हणते वाचवू.

वाचवायची म्हणजे वरून बारीक भोक पाडायचं, आतली पोकळी मुळांपर्यंत साफ करायची, औषध भरायचं, बंद करायची, वर टोपी बसवायची. दुखत नाही. खात्री मात्र देत नाही. या दाढेचं काम सोपं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दाढ वाचवली तर तिच्यात आज जेवढा जीव आहे तेवढा राहील. त्याहून कमी होणार नाही.

सोबत गोळ्यांची दुसरी चिठ्ठी आहे. आणखी पाच दिवस. एकही चुकवू नका. पंधरा तारखेला, मंगळवारी, सकाळच्या गाडीने या. जबड्याखाली सूज आली किंवा गिळायला त्रास झाला तर त्याच दिवशी निघा, तारखेची वाट पाहू नका.

एक विचारायचं होतं. या दाढेला कधी मार लागला होता का? आठवून लिहा.

तुमची
भूमिका


सावरखेडी
१३ एप्रिल

चि. भूमिका,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. ‘आज जेवढा जीव आहे तेवढा राहील.’ ते पत्र मी सदऱ्याच्या खिशात ठेवून फिरतो आहे. वाचवू. मी येतो. पण या मंगळवारी नाही, पुढच्या. कारण सांगतो.

आधी तू विचारलंस ते. मार लागला होता. तुझी मामी गेली त्याच वर्षी डिझेल इंजिनचं हँडल उलटं फिरून जबड्यावर बसलं. आठ दिवस पेज प्यालो. पुढे काही झालं नाही. उलट त्यानंतरच मी जास्त पाणी दाखवलं. मोवाडपर्यंतचे लोक मोटरसायकलवर न्यायला यायचे.

आता एक कबूल करतो. गोळ्या बंद केल्या आहेत. रागावू नकोस. गोळ्यांनी सूज गेली, दुखणं गेलं, आणि दाढ मुकी झाली. मी आमच्या विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिलो. खाली पाणी दिसत होतं, आणि दाढेत काही नाही. सगळं घर लग्नाला निघून गेल्यावर अंगणात जसं वाटतं तसं वाटलं. भीती वाटली. तुझं पत्र आलं त्याच्या आधीच्याच दिवशी गोळ्या थांबवल्या होत्या. नवीन चिठ्ठी फाडली नाही, तुझ्या मामीच्या फोटोमागे ठेवली आहे. दोन दिवसांनी दाढ बोलायला लागली. आता तर थांबतच नाही.

कवडू तुला आठवतो ना, आमच्या धुऱ्याला लागून ज्याची बाग आहे. लहानपणी तू त्याची संत्री खाऊन साली त्याच्याच अंगणात टाकायचीस. त्याची जुनी विहीर, तरुणपणी मीच दाखवलेली, गाळावर आली आहे. झाडांवर बोराएवढी हिरवी फळं धरली आहेत, ती गळतात. बागेत शांत उभं राहिलं की पडताना ऐकू येतात. मलाही ऐकू येतात, म्हणजे बघ.

शुक्रवारी तो आला.

“काहून गा रुपराव, तोंडात आंबा ठेवला का?”

“दाढ आहे.”

“दाढ ठेव बाजूले. माह्या बागेत चाल.”

मी गेलो. फाटकाशीच दाढ बोलली. मग पहिल्या ओळीत, दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या ओळीत. पाणी नेहमी दोरीसारखं कळतं, इकडून येतं, तिकडे जातं. त्याला काठ असतो. इथे काठच नव्हता. जिथे पाय टाकावा तिथे दाढ ठोका द्यायची. मला वाटलं, बागेखाली तलाव आहे, आणि ही सगळी झाडं होडीसारखी त्यावर उभी आहेत.

ऊन फार होतं. एका झाडाखाली पडलो, तर डोळा लागला. स्वप्नात मी त्या झाडाच्या खोडातून खाली उतरत होतो. जिन्यासारखं होतं. खाली हिरवा उजेड होता, आणि पाण्याच्या काठावर तुझी मामी बसून लुगडं धूत होती. मी म्हटलं, किती आहे गं पाणी? तिने वर पाहिलं नाही. हाताने नुसतं दाखवलं, हे सगळं.

उठलो तेव्हा तोंडात चव बदललेली होती. जिथे ठोका इतका मोठा आला की मला खाली बसावं लागलं, तिथे चुन्याची खूण केली. कवडूने विचारलं, “पक्कं?” मी म्हटलं, “पक्कं.”

बुधवारी बोअरची मशीन येते. पाणी लागलं की मी तुझ्याकडे येतो. गाल थोडा सुजला आहे, दीपमाला हळद गरम करून लावते. इतकं पाणी मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

तुझा
मामा


नागपूर
१६ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. आज बुधवार आहे. खुर्चीवर पेशंट होता, त्याला तसंच ठेवून मी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, सगळे कवडूमामांच्या बागेत आहेत, बाबाही तिथेच आहेत, बाबा बरे आहेत. फोनमध्ये मागे मशीनचा आवाज येत होता. मामांना आजच पाठवा म्हटलं, ते त्या आवाजात पोचलं की नाही कळलं नाही.

हे पत्र संध्याकाळच्या नरखेड गाडीच्या कंडक्टरजवळ देते. वाचलं की निघा.

गोळी आत्ता घ्या. गालाला शेक देऊ नका, हळद लावू नका. अंथरुणावर आडवे होऊ नका, बसून राहा.

सगळीकडे बोलतं ते पाणी नाही, मामा. तो पू आहे. आत त्याला जागा उरत नाही, मग प्रत्येक पावलाला तो ठोका देतो. तुम्ही डांबरी रस्त्यावर चालला असता तरी दिला असता.

आणखी एक गोष्ट आहे. ती सात तारखेलाच लिहायला हवी होती. समोर आलात की सांगते.

भूमिका


सावरखेडी
१७ एप्रिल

चि. भूमिका,

मशीन सहाशे फूट गेली. आधी काळी धूळ आली, मग तांबडी, मग पांढरी. पाणी नाही.

लोक नारळ घेऊन आले होते. ते नारळ घेऊनच परत गेले. जवळची झाडं पांढरी झाली. कवडूने मशीनवाल्यांना चहा दिला. धूळ निघत होती तेव्हाही दाढ बोलतच होती, म्हणून मी उभा राहिलो. वाटलं, अजून थोडं खाली.

तुझं पत्र सकाळी मिळालं. मी काय ऐकत होतो ते कळलं.

जीभ वर उचलत नाही. थुंकी गिळता येत नाही. दीपमाला गाडी बघते आहे. हे पत्र बहुतेक माझ्यामागून पोचेल.

मामा


नागपूर
२९ एप्रिल

ती. मामा,

तुम्हाला गावी जाऊन चार दिवस झाले. वहिनी रोज फोन करतात. जखम कोरडी आहे, शुगर एकशे साठ आहे, तुम्ही भात आणि वरण खाता, आणि कोणाशी बोलत नाही, असं त्या सांगतात.

हॉस्पिटलमधल्या पहिल्या दिवसाचं तुम्हाला फारसं आठवणार नाही. सर्जननी जबड्याखाली चीर देऊन वाटीभर पू काढला. ते म्हणाले, दाढही याच वेळी काढून टाकू. मी त्यांना थांबवलं. तुम्ही विचारण्याच्या स्थितीत नव्हता. माझ्याजवळ तुमचं शेवटचं सांगणं म्हणून तेरा तारखेचं पत्र होतं, त्यात ‘वाचवू’ असं लिहिलं होतं. ते धरून मी भांडले. सर्जन म्हणाले, मॅडम, ही तुमची जबाबदारी. मी हो म्हटलं. श्वास अडेल या धास्तीने तीन दिवस तुमचा घसा बघत बसले.

आणि निघताना, कवडूमामा पिशव्या उचलत असताना, तुम्ही म्हणालात, “काढून टाक ते.”

दाढ रागाने काढायची नसते. माझ्या शिक्षिका मुग्धा मॅडम अशाच अवघड दाढा करतात. मी त्यांना एक्स-रे दाखवला. त्या म्हणाल्या, निम्मी आशा आहे, प्रयत्न करू. निम्मी आशा मला पुरते. दुसऱ्या कोणाची दाढ असती तर पुरली नसती, हेही खरं.

चिडू नका, पण विचारते. ती दाढ गेल्यावर गावात तुम्ही कोण असाल? अर्ध्या तालुक्यातल्या विहिरींवर माझ्या मामाचं नाव आहे असं मी कॉलेजात सांगत असे.

एक गोष्ट समोर सांगते म्हणाले होते. हॉस्पिटलमध्ये आठ दिवस तुम्ही समोर होता. सांगितली नाही.

सहा तारखेला या. काय करायचं ते तोपर्यंत कळवा.

भूमिका


सावरखेडी
३ मे

चि. भूमिका,

हॉस्पिटलमधलं एक तुला माहीत नाही. तू चहाला गेली होतीस. कवडू पलंगाशी बसला होता. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. त्याने माझ्या गळ्याजवळची पट्टी पाहिली आणि म्हणाला, “म्हणजे तुले लागलं होतं ते बरोबरच होतं गा. ओलं होतंच. फक्त जागा चुकली. माह्या बागेत सहाशे फूट कशाले गेलो, तुह्या गालात दीड इंचावर होतं.”

मी हसलो तर टाके ओढले गेले. तो हसत नव्हता.

आता दाढेचं. तू म्हणतेस राग आहे. तोही आहे. पण ऐक.

सोमवारी भारसिंगीकडचे दोघे भाऊ आले, मोटरसायकलवर. सौरव आणि हर्षित. नवीन मुलं आहेत, मोसंबीची बाग लावली आहे. टॉवेल, नारळ, सगळं घेऊन आले. मी म्हटलं, कवडूकडचं ऐकलं नाही का? धाकटा म्हणाला, “एखाद्या वेळेस चुकतेच न बाप्पा कोणाचंही. तुम्ही फक्त चाला.” दीपमाला आतून म्हणाली, “बाबा कुठीच जाऊन नाही राहिले.” मी चपला घातल्या होत्या, भूमिका. फाटकापर्यंत गेलो होतो. जीभ आपोआप दाढेवर गेली. दाढ मुकी होती. अगदी मुकी. आणि तरी मी गेलो असतो. त्यांच्या बागेत फिरलो असतो, कुठेतरी उभा राहिलो असतो, आणि पक्कं म्हणालो असतो. तोंडात दाढ आहे एवढंच मला पुरलं असतं.

चक्कर आल्याचं सांगून परत फिरलो. ओसरीवर बसून चपला काढल्या.

तू तिच्यावर टोपी बसवशील. ती चांगली बसवशील, मला माहीत आहे. मग ती चमकेल, आणि लोक येत राहतील, आणि मी तिच्या नावाने बोलत राहीन. मला तोंड उघडून दाखवता येईल अशी रिकामी जागा पाहिजे.

गावात मी कोण असेन, ते माहीत नाही. सकाळी झाडांच्या आळ्यात पाणी सोडणारा एक म्हातारा. असे गावात अजून चार आहेत, त्यांचं बरं चाललं आहे.

काढ. मंगळवारी येतो. या वेळी बाकावरून उठणार नाही.

मामा


नागपूर
१४ मे

ती. मामा,

त्या दिवशी दाढ तीन तुकड्यांत निघाली. तुम्ही डोळे उघडे ठेवून वर पंख्याकडे पाहत होता. मी विचारलं, काय दिसतं? तुम्ही गालात कापूस असताना काहीतरी म्हणालात, मला ‘झाडं’ असं ऐकू आलं. दुपारी आमच्या दिवाणावर झोपलात. आई तीन वेळा येऊन श्वास चालू आहे का ते बघून गेली. तुम्ही जागे झालात तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, बारा वर्षांचा असल्यासारखा झोपला होता तू.” तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाही सांगितलं नाही. आता लिहिते.

पहिल्या दिवशीच, एक एप्रिलला, एक्स-रेमध्ये मला दिसलं होतं. प्रत्येक दाढेत मधून नस जाते. तुमच्या दाढेत तिची वाट बुजलेली होती, मुळापर्यंत. असं महिन्यात होत नाही, वर्षं लागतात. मी गार कापूस लावून पाहिला होता, आठवतं? शेजारच्या दाढेला लावला तेव्हा तुम्ही हात वर केलात. या दाढेला तीनदा लावला, तुम्ही शांत बसलात. नंतर तुम्ही इंजिनच्या हँडलचं लिहिलंत. तेव्हा तारीखही कळली.

ती दाढ मेलेली होती, मामा. बारा वर्षं, तेरा, कदाचित पूर्ण चौदा. दुखलं ते तिच्या भोवतीचं. तिला स्वतःला काही कळत नव्हतं.

तुम्ही विचारलं होतं, जीव राहील का. मी लिहिलं, आज जेवढा आहे तेवढा राहील. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं. असं वाक्य मला पेशंटच्या नातेवाइकांशी बोलून बोलून जमतं. तुम्ही ते खिशात ठेवून कवडूमामांच्या बागेत गेलात. मी त्या दिवशी सरळ लिहिलं असतं तर तुम्ही गोळ्या पुन्हा सुरू केल्या असत्या, आणि मशीन आली नसती. दाढ वाचवायला मी भांडले तेही त्याचसाठी. ती तोंडात राहिली असती तर हे सांगावं लागलं नसतं.

आता हे वाचून तुम्ही विचाराल, मग त्या वर्षांत पाणी कोणी दाखवलं. मला माहीत नाही. मी दातांची डॉक्टर आहे. मला एकच आठवतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन, सुटीत तुमच्या मागे मागे फिरायचे. तुमच्या टाचांकडे पाहत चालायचे, कारण ढेकळं फार असायची. आधी तुमचे पाय थांबायचे. मग थोड्या वेळाने हात गालावर जायचा. मला वाटायचं, मामाची दाढ दुखते म्हणून तो थांबतो. पण पाय आधी थांबायचे. तेव्हा तर दाढ जिवंत होती.

कवडूमामांना सांगा, भूजलवाल्यांकडे अर्ज करा. ते जमिनीत वायर लावून तपासतात. मी इथून चौकशी केली आहे.

माफ करा असं लिहून मोकळं होता येत नाही. तरी लिहिते.

भूमिका


सावरखेडी
२७ मे

चि. भूमिका,

रागावलो. दोन दिवस. तुझं पत्र धान्याच्या कोठीवर ठेवलं आणि त्या बाजूला गेलो नाही. दीपमालाने विचारलं, “बाबा, दाढ दुखते का?” म्हटलं, दाढ कुठे आहे.

मग बसून त्या चौदा वर्षांतली पाणी दाखवलेली शेतं आठवत राहिलो. एकेक. डोळे मिटले की ती समोर यायची, पऱ्हाटीची, संत्र्याची, एक तर नुसत्या पळसांचं. काहींना पाणी लागलं होतं. काहींना नव्हतं. न लागलेली मी विसरलो होतो. रंभाबाईचं वावर, धोंडबाचा मळा. ते लोक पुढेही मला रामराम करत राहिले, म्हणून मला वाटलं की लागलंच असेल. आता ते चेहरे आठवले.

तुझ्यावरचा राग तिथे संपला. तुझं एक वाक्य होतं. माझी बरीच आहेत.

तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन कवडूकडे गेलो आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो सुपारी कातरत होता. पूर्ण ऐकल्यावर म्हणाला, “म्हणजे मेलेल्या दाढेच्या भरवशावर तू माह्या बागेत मशीन आणली?”

“हाव.”

“अन् जित्या दाढेच्या वेळची माही जुनी विहीर?”

“ते पाणी तर होतं.”

“ते कोणं सांगितलं होतं?”

“मले माहीत नाही गा.”

अर्ज त्याने केला आहे. भूजलचा माणूस पुढच्या आठवड्यात येतो. तोवर कवडू टँकर आणतो. निम्मी फळं गेली, झाडं राहतील असं वाटतं. त्या सहाशे फुटांच्या भोकावर त्याने फरशी ठेवली आहे.

काल दुपारी तो म्हणाला, चाल, फिरू. काही पाहायचं नव्हतं. आम्ही दोघं बागेत शिरलो. झाडांवरची पांढरी धूळ अजून गेलेली नाही. उन्हात ती झाडं लांबून कोणी चुन्याने काढल्यासारखी दिसतात. एकही पान हलत नव्हतं. मी पहिल्यांदाच एखाद्या बागेत काही ऐकायचं नाही म्हणून चालत होतो. तोंडात काही नव्हतं. आपली सावली आपल्याच पायाखाली आहे, एवढं दिसत होतं. किती वेळ चाललो ते सांगता येत नाही. झोपेत चालल्यासारखं होतं, पण झोप नव्हती.

पश्चिमेच्या धुऱ्याकडे दोन झाडांमध्ये माझे पाय थांबले.

हात गालाकडे निघाला होता. अर्ध्यात थांबला. तिथे आता नुसता व्रण आहे.

कवडू चार पावलं पुढे गेला होता, तो वळला. “काहून थांबला गा?”

“माहीत नाही.”

“पाणी आहे?”

“माहीत नाही.”

“चुना आणू का?”

“नको. वायरवाल्याले पूर्ण बाग पाहू दे. त्याले ही जागा सांगूही नको.”

इतक्या वर्षांत मी कोणाच्या शेतात ‘माहीत नाही’ म्हणालो नव्हतो. दोनदा म्हणालो, आणि काही झालं नाही. कवडूने माझ्याकडे पाहिलं, मग तो तिथेच खाली बसला. मीही बसलो. त्याच्याजवळ पाण्याची कॅन होती. त्याने झाकणात ओतून मला दिलं.

मी उजव्या बाजूने प्यालो. पाणी त्या रिकाम्या जागेत जाऊन थोडा वेळ थांबलं. गार होतं. मग गिळलं.

तुझा
मामा